दाखला काढू नका

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. शाळा संपायला अजून दीड वर्ष आहे. पाळी चुकल्याचं तिने लपवलं आणि आम्हाला कळलं तेव्हा पाचवा महिना लागला होता. डॉक्टरांशी सगळं बोलून झालंय, बाळ जन्माला येणार हे आता नक्की आहे. मुलगा कोण ते ती सांगत नाही. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं, "तब्येतीचं कारण लिहून दाखला काढून न्या. तुमचीही बदनामी नको आणि शाळेचीही." तिचे वडील तिच्याशी बोलत नाहीत. नणंद म्हणते, मुलाचं नाव काढून घ्या आणि लग्न लावून मोकळे व्हा. मुलीने स्वतःच वह्या-पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आहेत. ती हुशार आहे हो, गणिताला तिला कधी शिकवणी लागली नाही. तिचं शिक्षण संपलं असंच समजायचं का? मी नोकरी करते, घरात सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात.
— एक आई

उत्तर :

ताई, नाही. तिचं शिक्षण संपलेलं नाही. संपलं तर ते बाळामुळे नव्हे, एका सहीमुळे संपेल, आणि ती सही तुमची असेल. म्हणून सगळ्यात आधी एवढंच सांगते : दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. मुख्याध्यापिका घाई करतील, नणंद करेल, तुम्हालाही वाटेल की एकदाचं हे मिटवावं. तरीही करू नका.

रजा आणि दाखला यांत फार अंतर आहे. रजेवर असलेल्या मुलीचं नाव पटावर राहतं. ती परत आली की तिला वर्गात बसवणं शाळेचं काम असतं. दाखला काढला की सगळं उलटं होतं. मग तुम्ही शाळेच्या दारात उभ्या राहणार, जागा आहे का, घेता का, असं विचारत. तेव्हा कडेवर बाळ असेल, वर्ष गेलेलं असेल, तिच्या मैत्रिणी पुढच्या वर्गात असतील आणि दाखल्यावरच्या 'तब्येतीचं कारण' या शब्दांबद्दल प्रत्येक नवीन शाळा तुम्हाला प्रश्न विचारेल. गरोदर मुली शाळेतून जातात त्या बहुतेक अशाच जातात. कोणी हाकलत नाही. गोड बोलून, तुमच्या भल्यासाठी म्हणून, त्यांचं नाव कमी केलं जातं.

तुमची मुलगी एकटी नाही, हे तिलाही सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 15 ते 19 वयाच्या मुलींना वर्षाला सुमारे 2 कोटी 10 लाख वेळा दिवस राहतात आणि त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा ते ठरवून झालेलं नसतं. हा 2019 सालचा अंदाज आहे. या मुलींचं पुढे काय होतं यावरही बरंच काम झालंय. आपण धरूनच चालतो की दिवस राहिले म्हणून शाळा सुटली. पुष्कळदा क्रम उलटा असतो. मुलगी आधीच मागे पडलेली असते, शाळेत तिचं मन नसतं, घरची ओढाताण असते, आणि दिवस नंतर राहतात. अमेरिकेत आर्लीन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन या संशोधकांनी 1992 मध्ये सख्ख्या बहिणींची तुलना केली : एक कोवळ्या वयात आई झालेली, दुसरी उशिरा. घर तेच, परिस्थिती तीच. तेव्हा दिसलं की लवकर आई झाल्यामुळे होणारं नुकसान एरवी सांगितलं जातं त्यापेक्षा बरंच कमी आहे. नुकसान होतच नाही, असं मी म्हणत नाही. पण 'आता सगळं संपलं' हे जे तुमच्या घरात प्रत्येकजण धरून बसलाय, त्याला आधार नाही. तुमची मुलगी तर अभ्यासात पुढे आहे. टिकण्याची शक्यता तिच्या बाजूने आहे.

आता लग्नाचं. नणंदेचा हेतू वाईट नसेल, पण या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. सोळाव्या वर्षी लग्न हे बेकायदा असण्याची शक्यता खूप आहे, ते तर आहेच. पण कायदा बाजूला ठेवून नुसतं मुलीचं हित पाहिलं तरी उत्तर तेच येतं. बाल्टिमोर शहरात फ्रँक फर्स्टेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात सुमारे 300 अल्पवयीन मातांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांचा मागोवा तो सतरा वर्षं घेत राहिला. लग्न करून वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलींपेक्षा, ज्या आईवडिलांच्या घरीच राहिल्या त्या जास्त प्रमाणात शाळेत परतल्या आणि शिक्षण पूर्ण करू शकल्या. कारण उघड आहे. माहेरी बाळाला धरायला आणखी दोन हात असतात. लग्न झालं की ती विद्यार्थिनी उरत नाही, तिच्याकडून घर सांभाळण्याची अपेक्षा होते आणि वर्षा-दीड वर्षात दुसरं मूल. त्याच अभ्यासात शेवटी असंही दिसलं की बहुतेकींनी उशिरा का होईना शालेय शिक्षण पूर्ण केलं होतं. लोकांनी बांधलेल्या अंदाजापेक्षा त्या पुष्कळ बऱ्या निघाल्या. नणंदेला एवढंच सांगा, "लग्नाचं ती मोठी झाल्यावर तीच ठरवेल." त्यावर वाद घालत बसू नका.

मुलाचं नाव ती सांगत नाही, याकडे मात्र जपून बघा. लग्न लावण्यासाठी नाव काढून घ्यायचं, हे तिला कळलेलं असणार, म्हणून ती गप्प असेल. वर्गातल्या एखाद्या मुलाला वाचवत असेल. किंवा ज्याचं नाव घ्यायला भीती वाटावी असा कोणी मोठा माणूस असेल, ओळखीतला, नात्यातला, शिकवणारा. म्हणून 'कोण' हा प्रश्न आधी विचारू नका. आधी विचारा, "तुझ्यावर कोणी जबरदस्ती केली होती का? आत्ता तुला कोणाची भीती वाटते का?" दोघीच असताना विचारा, आणि समोरासमोर बसून नको, काहीतरी काम करता करता. तिने उत्तर दिलं नाही तर दोन दिवसांनी पुन्हा. बऱ्याच देशांत या वयातल्या मुलीची संमती कायदा मानतच नाही, आणि डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचं बंधन असू शकतं. तुमच्याकडे नियम काय आहे आणि तिचं नाव गुप्त कसं राहील, हे डॉक्टरांना सरळ विचारून घ्या. नंतर अचानक कोणी दारात येण्यापेक्षा ते आधी माहीत असलेलं बरं. आणि मुलगा तिच्याच वयाचा निघाला, तरी एक गोष्ट विसरू नका : तो उद्या वर्गात बसणारच आहे. त्याला कोणी दाखला काढायला सांगणार नाही.

तब्येतीबद्दल थोडक्यात, कारण डॉक्टर तुमच्याबरोबर आहेत. विशीतल्या बाईपेक्षा या वयात गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या झटक्यांचा आणि बाळंतपणानंतरच्या संसर्गाचा धोका जास्त असतो, बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी होण्याचाही. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात किमान 8 तपासण्या सांगते. तुमचे पहिले महिने गेले, म्हणून आता एकही चुकवू नका. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. हीच यादी वर्गशिक्षिकेकडेही द्या. आणि 'मला जगायचं नाही' अशा अर्थाचं ती काही बोलली, चिडून का होईना, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आता शाळा. मुख्याध्यापिकांना भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नका, लेखी अर्ज घेऊन जा. अर्जात चारच गोष्टी असू द्या. मुलीचं नाव पटावर राहावं. वैद्यकीय कारणासाठी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजा मिळावी. त्या काळातला अभ्यास आणि चाचण्या घरी देण्याची सोय व्हावी. रजा संपल्यावर ती त्याच वर्गात परत बसेल. अर्जाची पोच घ्या. त्या तोंडी म्हणाल्या की हे जमणार नाही, तर शांतपणे म्हणा, "ठीक आहे, तेवढं लिहून द्या." दाखल्याचा आग्रह करणारे पुष्कळजण लिहून द्यायची वेळ आली की थांबतात. नियमात तसं काही नसतं हे त्यांनाही ठाऊक असतं.

तुमच्या भागातला नियम शिक्षण खात्याकडून समजून घ्या. जगाचा कल कुठे आहे हेही माहीत असू द्या, बोलताना बळ येतं. बालहक्कांच्या 1989च्या आंतरराष्ट्रीय करारात प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क मान्य केलेला आहे, आणि त्यात गरोदर मुलीचा अपवाद केलेला नाही. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या 1979च्या करारात तर मुलींची गळती कमी करणं हे सरकारांचं काम म्हणून लिहिलंय. अमेरिकेत 1972च्या 'टायटल नाइन' कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला मुलगी गरोदर आहे म्हणून तिला काढता येत नाही. डॉक्टर सांगतील तेवढी रजा द्यावी लागते आणि परतल्यावर ती जिथे होती तिथेच बसवावं लागतं. सिएरा लिओनमध्ये 2015पासून उघड बंदी होती : पोट दिसणाऱ्या मुलीने शाळेत यायचं नाही, परीक्षेला बसायचं नाही. पश्चिम आफ्रिकी देशांच्या न्यायालयाने डिसेंबर 2019मध्ये ती भेदभाव करणारी ठरवली आणि मार्च 2020मध्ये सरकारने उठवली. टांझानियाने नोव्हेंबर 2021मध्ये मुलींना बाळंतपणानंतर शाळेत परतायची वाट मोकळी केली. 'इतर मुलींवर वाईट परिणाम होईल' हे कारण तिथेही वर्षानुवर्षं दिलं जात होतं. तुमच्या मुख्याध्यापिकाही ते देतील. त्यांना विचारा, वर्गातल्या मुली यातून नक्की काय शिकतील? एखादीला दिवस राहिले तर शाळेला कधी कळू द्यायचं नाही, एवढंच. म्हणजे पुढची मुलगी पाचव्या नव्हे, सातव्या महिन्यात सांगेल.

जमैकाचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. तिथे 1978मध्ये 'विमेन्स सेंटर' सुरू झालं. गरोदर शाळकरी मुली तिथे येऊन आपलाच अभ्यासक्रम शिकतात, तपासणी आणि समुपदेशन होतं, आणि बाळंतपणानंतर त्या नेहमीच्या शाळेत परत जातात. 2013मध्ये सरकारने मुलींना परत घेण्याचं धोरणही आणलं. मुलगी शाळेबाहेर असते तेव्हाही अभ्यासाचा धागा तुटू द्यायचा नाही, हे त्या कामाचं मर्म आहे. तुमच्याकडे असं केंद्र नसेल तर घरातच ते करावं लागेल. बाहेरून परीक्षा देण्याची सोय असेल तर तीही विचारून ठेवा, पण दुसरा पर्याय म्हणून. घरी एकटीने, बाळ मांडीवर घेऊन, शिक्षकांशिवाय शिकणं फार कठीण असतं.

आज संध्याकाळी एक करा. डॉक्टरांनी दिलेली तारीख आणि शाळेचं परीक्षांचं वेळापत्रक शेजारी ठेवा. कोणती परीक्षा आधी येते, कोणती बाळंतपणात सापडते, कोणत्या परीक्षेच्या वेळी बाळ दोन-तीन महिन्यांचं असेल, ते दिसेल. निम्मी भीती तिथेच कमी होते, कारण प्रश्न 'शिक्षणाचं काय' असा राहत नाही, 'या एका परीक्षेचं काय' असा होतो. तोवर ती शाळेत जाऊ शकते. डॉक्टरांची हरकत नसेल तर जाऊच द्या. वर्गशिक्षिकेकडून अगदी साध्या गोष्टी मागून घ्या. बाक आणि बसायची फळी एकत्र जोडलेली असेल तर सातव्या महिन्यानंतर तिला त्यात बसता येत नाही, म्हणून सुटी खुर्ची आणि टेबल. तास चालू असताना न विचारता स्वच्छतागृहात जायची मुभा. पाण्याची बाटली जवळ. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर खाली. खेळाच्या तासाला सूट. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही, आणि यातल्याच एखाद्या गोष्टीपायी मुली शाळा सोडतात. भर वर्गात तीनदा हात वर करून बाहेर जायची परवानगी मागावी लागली की चौथ्या दिवशी त्या येतच नाहीत.

बाळ झाल्यावर परतायची तारीख आधीच ठरवा. सहा आठवड्यांनी तपासणी होईल, सगळं ठीक असेल तर त्यानंतरचा एक सोमवार. सिझेरियन झालं किंवा बाळ लवकर आलं तर पुढे ढकला, पण पुन्हा तारीखच ठरवा. 'बघू, जरा मोठं होऊ दे' म्हटलं की ते कधीच होत नाही. पहिले दिवस अर्ध्या वेळेचे असले तरी चालतील. अंगावर पाजत असेल तर चार तासांत छाती दाटते, दुखते, कधी तास चालू असतानाच पान्हा फुटतो आणि गणवेश पुढून ओला होतो. हे तिला आधी सांगून ठेवा. नाहीतर त्या एका दुपारच्या शरमेने ती परत जाणार नाही. छातीशी ठेवायचे पॅड, दप्तरात एक जादा ब्लाउज किंवा शर्ट, आणि मधल्या सुट्टीत दार लावून दूध काढता येईल अशी खोली. काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात साध्या खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. म्हणजे ती वर्गात असताना बाळाला आईचंच दूध मिळू शकतं.

बाळाला सांभाळणार कोण, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तुम्ही तो पत्राच्या शेवटी सासूबाईंच्या गुडघ्यांवर आणून सोडलाय. इथे घरं दोन टोकांना जातात. काही घरांत आजी बाळ पूर्ण ताब्यात घेते आणि आई झालेली मुलगी बाळाची थोरली बहीण होऊन बसते. तिला बाळाची सवय होत नाही, आत्मविश्वास येत नाही. काही घरांत 'केलंस ना, आता निस्तर' म्हणून रात्रंदिवस सगळं तिच्याच गळ्यात टाकतात आणि मग अभ्यासात लक्ष नाही म्हणून बोलतात. दोन्ही नको. घड्याळ लावून वाटणी करा. शाळेचे तास आणि संध्याकाळचे दोन तास अभ्यासाचे, त्या वेळात तिला कोणी हाक मारायची नाही. बाकीच्या वेळात बाळाचं अंघोळ-पाणी, पाजणं, झोपवणं तिचं. परीक्षा जवळ आली की रात्रीचं एक उठणं दुसऱ्याने करायचं. सासूबाई बसून बाळाला मांडीवर घेऊ शकतात, उचलून फिरवू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या जोडीला दिवसा कोणीतरी लागेल. पाळणाघर, शेजारची बाई, तुमच्या कामाच्या वेळा बदलून मिळणं, जे परवडेल ते, पण आत्तापासून शोधा. मुलाकडचे लोक समोर आले आणि मुलीला त्यांच्यापासून धोका नसेल, तर खर्चाचा वाटा त्यांनी उचलावा. तो मागण्यात कमीपणा नाही.

आणि तिच्या वडिलांचं नाव या वाटणीत लिहा. ते बोलत नाहीत, ठीक आहे. त्यांच्याकडून आत्ताच माफीची किंवा मायेची अपेक्षा करू नका. काम द्या. शाळेत अर्ज द्यायला तुमच्याबरोबर त्यांनी यावं. काही बोलले नाहीत तरी चालेल, शेजारी बसले तरी मुख्याध्यापिकांचा सूर बदलेल. मुलीला कळेल की बाबा शाळेत आले होते. पुष्कळ बापांचं मौन अशा एखाद्या कामातून सुटतं.

बाळंतपणानंतर लगेच दुसरे दिवस राहू नयेत याबद्दल डॉक्टरांशी तिच्यासमोर बोला. पुन्हा काही होणारच नाही असं धरून गप्प बसू नका. दोन बाळंतपणांनंतर प्रौढ बाईलाही शाळेत जाणं अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटना बाळ झाल्यावर पुढच्या गरोदरपणाआधी किमान 24 महिने जाऊ द्या म्हणते. त्या दोन वर्षांत तुमच्या मुलीची शाळा पूर्ण होते.

माळ्यावरच्या पुस्तकांना तुम्ही हात लावू नका. तुम्ही ती खाली आणून तिच्यासमोर ठेवलीत तर तो आणखी एक हुकूम होईल, आणि तिच्यावर आधीच सगळेजण हुकूम सोडताहेत. ती पुस्तकं तिने कंटाळा आला म्हणून वर टाकलेली नाहीत. तुम्ही सगळे तिला शाळेतून काढणारच, असं वाटल्याने तिने स्वतःच आधी ते करून टाकलं. म्हणून तिला आधी तुमचा निर्णय सांगा : "मी दाखला काढणार नाहीये. तुला परत जायचं असेल तर मी तुझ्याबरोबर आहे. नको वाटत असेल तर का, ते सांग." ती म्हणेल, सगळे बघतील. बघतील, हे मान्य करा, खोटा धीर देऊ नका. मग दोघी मिळून एक वाक्य ठरवा, जे ती कोणालाही सांगू शकेल : "मला बाळ होणार आहे आणि मी शाळा सोडत नाहीये." घरात मोठ्याने दहा वेळा म्हणून बघू दे. एखादी जवळची मैत्रीण असेल तर तिला घरी बोलवा, वर्गातल्या वह्या घेऊन. मैत्रीण आली की अभ्यास आपोआप सुरू होतो, आईने सांगून होत नाही.

अर्ज याच आठवड्यात द्या. मुख्याध्यापिकांचं लेखी उत्तर आलं, होकार असो की नकार, की मला कळवा. नकार असेल तर त्यात त्यांनी कोणतं कारण लिहिलंय ते शब्दशः पाठवा. शिक्षण खात्याकडे करायचा पुढचा अर्ज त्यावरूनच लिहावा लागेल, तो आपण मिळून लिहू.